विशेष विवाह कायदा: पात्रता आणि अटी

हिंदू विवाह कायद्याने लग्न व्हायचे तर वधू-वर दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असावे लागतात. हिंदू-मुस्लिम जोडप्याला धर्म न बदलता लग्न करायचे असेल, तर वाट 1954 च्या विशेष विवाह कायद्याची. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात; कोर्टाचा मात्र त्यात संबंध नसतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी ही अनुसूचित जमात. हिंदू विवाह कायदा अशा जमातींना आपोआप लागू होत नाही. विशेष विवाह कायदा मात्र त्यांनाही खुला आहे.

वराला 21 आणि वधूला 18 वर्षे पूर्ण हवीत, कोणाचाही आधीचा विवाह कायम नसावा, संमती देण्याइतके मन सुदृढ असावे. खरी अडचण येते ती नात्याच्या अटीत. मामाची मुलगी करणे अनेक मराठी घरांत रूढ आहे; या कायद्याच्या निषिद्ध यादीत मात्र मामेबहीण, आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण सगळ्याच आहेत. 1963 मध्ये रूढीला सवलत मिळाली, पण राज्य सरकारने ती रूढी राजपत्रात जाहीर केलेली असली तरच.

नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची. दोघांपैकी एकाने त्याच्या जिल्ह्यात आधीचे किमान 30 दिवस राहिलेले असावे. ग्रामपंचायतीतली विवाह नोंदणी वेगळी. ती 1998 च्या राज्य कायद्याखाली, आधीच लागलेल्या लग्नाची असते. ग्रामपंचायत लग्न लावत नाही. नोटीस कार्यालयात लावली जाते आणि 30 दिवसांत हरकत घेता येते. हरकतदाराला वरील एखादी अट मोडते असेच दाखवावे लागते. भावकीची नाराजी किंवा वेगळा धर्म ही हरकत होऊच शकत नाही.

नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही, तर नव्याने नोटीस. विधी कोणताही चालतो. मात्र विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांचा स्वीकार शब्दांत करायचा. भटजीवाचून लग्न जुन्नर तालुक्याला नवे नाही: 1884 मध्ये ओतूरला सत्यशोधक पद्धतीने लग्ने लागली, तेव्हा गावजोशी कोर्टात गेले आणि वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

शेतकरी घरात पुढचा प्रश्न जमिनीचा. एकत्र कुटुंबातील हिंदूने मुस्लिम किंवा ख्रिस्ती जोडीदाराशी या कायद्याने लग्न केले, की तो त्या कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानतात. वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा हिस्सा मात्र त्यामुळे बुडत नाही. दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील, तर 1976 च्या दुरुस्तीनंतर ही विभक्तीही होत नाही.