जोडणी आहे, पण पान उघडत नाही
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



ज्यांच्या शाळेत लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक आहे, त्यांच्यासाठी आजचे हे चार शब्द आहेत. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथील संगणकावर एका पावसाळ्यानंतर संकेतस्थळे उघडेनाशी झाली. जोडणीचे चिन्ह तर पडद्यावर स्वच्छ दिसत होते. आम्ही दोन दिवस खटपट केली, जडसंग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ असा शेरा मारला आणि यंत्रावर कापड घातले. सातवीची मुले पुढील पाच महिने त्या कापडाकडे पाहत बसली. यंत्र नादुरुस्त नव्हतेच, हे मला फार उशिरा कळले. ही चूक माझी होती. ती आपणांकडून होऊ नये, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते असे की, जोडणीचे चिन्ह फार थोडे सांगते. आपले यंत्र खोलीतील राउटरपर्यंत पोचले, इतकाच त्याचा मुख्य अर्थ. पुढची वाट आपणांस पायरीपायरीने तपासावी लागते, आणि त्यासाठी टर्मिनलच्या खिडकीत ‘पिंग’ ही आज्ञा पुरेशी आहे. आधी राउटरच्या क्रमांकाला हाक मारावी. ‘आयपी रूट’ या आज्ञेने ‘डिफॉल्ट’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत तो क्रमांक दिसतो. मग बाहेरच्या जगातील ८.८.८.८ या क्रमांकाला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाला नावाने हाक मारावी. लिनक्समध्ये पिंगची उत्तरे आपोआप थांबत नाहीत. ओळींमागून ओळी येतच राहतात. घाबरून वीज बंद करू नये. ‘कंट्रोल’ कळ दाबून ‘सी’ दाबले की ती थांबतात. काही ठिकाणी पिंगला उत्तर देण्याचीच बंदी असते, म्हणून एका मौनावरून निर्णय करू नये.

क्रमांकाला उत्तर येते आणि नावाला येत नाही, असे पुष्कळदा घडते. यंत्रे परस्परांना क्रमांकाने ओळखतात, माणसे मात्र नावाने. हजेरीपटात नाव व क्रमांक शेजारी शेजारी असतात, तशी यादी कोठेतरी असावीच लागते. प्रारंभी अशी एकच यादी अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई व इतरांनी ती उतरवून घ्यावी, अशी वहिवाट होती. यंत्रे वाढली, यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून क्रमांक सांगणाऱ्या सेवेची, म्हणजे डीएनएसची, योजना मांडली. ही सेवा आपल्या यंत्रास सापडत नसेल, तर ‘नावाची उकल तूर्त झाली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. तारा, राउटर, वीज यांना तेव्हा दोष देणे व्यर्थ होय.

उपाय सोपा आहे. नेटवर्कच्या मांडणीत ‘आयपीव्ही४’ या भागात जाऊन डीएनएसची आपोआप निवड बंद करावी, तेथे ८.८.८.८ हा क्रमांक लिहावा आणि जोडणी एकदा तोडून पुन्हा जोडावी. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ नावाच्या फाइलीत हाताने फेरफार करण्याचा सल्ला काही जाणकार देतात. परंतु अलीकडच्या बहुतेक प्रणाली ती फाइल स्वतःच पुन्हा लिहितात, व आपले श्रम दुसऱ्या दिवशी पुसले जातात.

आता आमच्या त्या यंत्राविषयी. त्यावर क्रमांकाला उत्तर येत होते, नावालाही येत होते. जुन्या पद्धतीची एकदोन संकेतस्थळे उघडत. कुलपाचे चिन्ह असणारी बाकीची सर्व ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून अडत. कारण होते घड्याळ! आतील नाण्याएवढी बॅटरी संपली होती आणि वेळ आपोआप जुळविण्याची सोय कोणीतरी बंद केली होती. त्यामुळे यंत्र काही वर्षे मागचे साल धरून बसले होते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते व त्यावर मुदतीचा आरंभ आणि शेवट नोंदलेला असतो. यंत्राच्या मते त्या प्रमाणपत्रांची मुदत अद्याप सुरूच व्हावयाची होती! तारीख दुरुस्त करताच पाने उघडली, आणि सीआर २०३२ जातीची नवी बॅटरी बसविल्यावर तारीख पुन्हा मागे गेली नाही. असा इशारा आला असता ‘धोका पत्करून पुढे जा’ हे बटण मात्र दाबू नये. जेथे परवलीचा शब्द द्यावयाचा, तेथे तर मुळीच नाही. आधी कोपऱ्यातील तारीख पाहावी.

एवढे करूनही पान अडले, तर ब्राउझरच्या मांडणीत जुना प्रॉक्सी क्रमांक राहिला आहे काय, ते पाहावे. आणि दुरुस्तीकारास बोलावण्याची वेळ आलीच, तर ‘नेट चालत नाही’ असे न लिहिता कोणत्या हाकेला उत्तर आले व कोणत्या हाकेला आले नाही, ते लिहून पाठवावे.

शेजारच्या वर्गखोलीत एक यंत्र मांडून ठेवले आहे. त्यात मी मुद्दाम एक दोष करून ठेवला आहे. कोणता, ते सांगत नाही. चहा झाल्यावर आपण दोघादोघांनी तेथे यावे.