माणसं ठेकेदाराची, जबाबदारी कोणाची?



"कर्नलसाब, लेबर तो ठेकेदार की है." पानिपतला आल्यापासून हे वाक्य मी किती मालकांच्या तोंडून ऐकलंय, त्याची मोजदाद नाही. लष्करातून निवृत्त झाल्यावर इथल्या कारखान्यांना प्रशासनाच्या कामात मदत करतो. मी वकील नाही. पण माणसं मोजणं, त्यांचे पगार आणि त्यांचे कागद यांत आयुष्य गेलंय, म्हणून आजचा विषय घेतलाय.

पानिपत म्हटलं की आपल्याला काळा आंब आठवतो. इथल्या लोकांना मात्र आठवतात ब्लँकेटं, चादरी, गालिचे. परदेशातून जुन्या कपड्यांच्या गासड्या येतात, बायका बसून त्यांची बटणं, चेन कापतात, मग ते कपडे पिंजून पुन्हा सूत निघतं. काम करणारे पुष्कळसे बिहार, उत्तर प्रदेश, बंगालचे, आणि मध्ये ठेकेदार. मालकाला वाटतं, ठेकेदार म्हणजे चिलखत.

हे चिलखत तसं १९८२ सालीच फुटलंय, तेही इथून फार लांब नाही. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती. किमान वेतन होतं दिवसाला सव्वानऊ रुपये. कंत्राटदारांनी जमादारांमार्फत मजूर आणलेले, आणि जमादार प्रत्येकाच्या रोजातून एक रुपया कापून घ्यायचे. हातात सव्वाआठ. सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. काम कंत्राटदाराकडे दिलं म्हणून सरकार आणि दिल्ली विकास प्राधिकरण जबाबदारीतून सुटत नाहीत. आणि किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या २३व्या कलमातली वेठबिगारी. एका रुपयावरून वेठबिगारी! हा शब्द ऐकला की मालकांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आता अलीकडचं. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत आले. नियम राज्याराज्यांचे वेगळे, तुम्ही जिथे आहात तिथले बघा. ठेकेदाराच्या बाबतीत मात्र मुद्दा सरळ आहे. वेतन संहितेचं ४३वं कलम म्हणतं, पगार द्यायची जबाबदारी ज्याची आहे त्यानं दिला नाही, तर ज्याच्या आस्थापनेत माणूस राबतो त्या मालकानं द्यायचा. कंत्राटी कामगारांसाठीच्या परवान्याच्या तरतुदी पन्नास किंवा जास्त माणसांना लागतात, म्हणून काही जण पंचेचाळीसवर थांबतात आणि निवांत होतात. परवाना लागणार नाही. पगाराची जबाबदारी राहतेच. मीटरवर किंवा किलोवर काम देता? तिथेही किमान वेतनाखाली जाता येत नाही.

खरं कलम पुढे आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. ५९वं. कामगारानं दावा केला की मला पैसे मिळाले नाहीत किंवा कमी मिळाले, तर मिळाले हे सिद्ध करायचं मालकानं. कामगारानं नाही. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. तीन वर्षांपूर्वी रोखीनं दिलेल्या पगाराची सही तुमच्याकडे आहे? ठेकेदार तर तोवर फोन नंबर बदलून गेलेला असतो.

पलटणीत रोज सकाळी किती माणसं हजर, किती रजेवर, किती दवाखान्यात, याचा कागद तयार असतोच. कोणी कौतुक करत नाही, कारण त्याशिवाय जेवणसुद्धा शिजत नाही. कारखान्यात तीच गोष्ट सांगितली की म्हणतात, "साब, ये तो फौजी तरीका है." असू दे.

आपल्या मराठी माणसांकडे येतो. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई बांधव सोन्याचांदीची दुकानं घेऊन देशभर पसरलेत. ते मालक आहेत, हे त्यांचं त्यांनाच अनेकदा लक्षात येत नाही. गावाकडून तीन-चार पोरं आणायची, एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, हिशेब दिवाळीला. घरचंच आहे म्हणतात. चांगलं आहे, पण भट्टीवर हात भाजला की घरचं नातं दवाखान्याच्या बिलापाशी थांबतं. नेमणूकपत्र दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत बंधनकारक आहे; तीन असले तरी द्या, कारण उद्या पुरावा तुमच्याकडेच मागतील. आणि अठराच्या आतला मुलगा धोक्याच्या कामावर नको, मग तो सख्ख्या भावाचा असला तरी.

उचल हा त्याहून नाजूक विषय. उचल देणं हा गुन्हा नाही. "पैसे फिटेपर्यंत जायचं नाही" म्हणालात की १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा उभा राहतो. तीन वर्षांपर्यंत कैद. फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं, मजुराकडून सक्तीनं काम घेतलं जातंय असं दिसलं तर ते उचलीपोटीच आहे असं धरायचं, नाही हे मालकानं दाखवायचं. बघा, इथेही ओझं मालकावरच.

जाता-येता होणारे अपघात तर आपण हिशेबातच धरत नाही. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर गेला. उच्च न्यायालयानं भरपाई नाकारली. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वारसांना परत मिळवून दिली. घर आणि काम यांचा वेळ-काळ-जागेचा संबंध दिसत असेल तर तो अपघात कामातलाच. बावीस वर्षं त्या बाईनं वाट पाहिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही गोष्ट आता लिहूनच ठेवलीय. विम्याची पॉलिसी काढून बघा, रस्त्यावरचा माणूस तिच्यात बसतो का.

ठेकेदार ठेवूच नका, असं मी म्हणत नाही. हंगामात त्याच्याशिवाय इथले माग चालणार नाहीत. मी ज्या कारखान्यांत जातो तिथे एकच पद्धत लावतो: ठेकेदाराचं बिल पास व्हायच्या आधी मागच्या महिन्याचे पगार प्रत्येकाच्या खात्यात गेल्याचा बँकेचा कागद आणि पीएफचं चलन टेबलावर. नावं गेटवरच्या हजेरीशी जुळवायची. पहिल्या महिन्यात ठेकेदार कुरकुरतो, दुसऱ्यात मालकाकडे माझी तक्रार करतो. तिसऱ्यात कागद आधी येतो, बिल मागून.