श्वास थांबला, पण कशामुळे?

आजचा भाग मुख्यतः केसपेपर लिहिणाऱ्या आणि त्यावरून कोड टाकणाऱ्यांसाठी आहे. मेडिकल ऑफिसर, सिस्टर, रेकॉर्ड विभागातली आपली माणसं. विषय: अक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर, म्हणजे श्वसनक्रिया अचानक निकामी होणं, आणि त्याचा आयसीडी-१० मधला कोड, जे ९६.०.

आपला वाशिम जिल्हा घ्या. रिसोड असो की मानोरा, पावसाळ्यात माणूस दिवसभर सोयाबीनच्या वावरात आणि रात्री खाली अंथरूण टाकून झोपलेला. मण्यार चावते तेव्हा बहुतेक वेळा ना सूज, ना फारसं दुखणं. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, बोलणं बोबडं होतं, मग श्वास अपुरा पडतो. तुम्ही धावपळ करून नळी टाकली, जीव वाचवला. आणि निदानाच्या जागी लिहिलं "रेस्पिरेटरी फेल्युअर". बस्स. कोड पडला जे ९६.०. चुकीचा नाही हो तो. पण साप गेला कुठे?

साप कागदावर यायलाच पाहिजे. टी ६३.० म्हणजे सापाच्या विषाचा परिणाम, एक्स २० म्हणजे विषारी सापाशी संपर्क. जे ९६.० त्यांच्या जोडीला.

फवारणीचंही तेच. शेजारच्या यवतमाळात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. औषध ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर टी ६०.०. पुढचा प्रश्न अवघड: अपघात की स्वतःहून घेतलं? अपघात असेल तर एक्स ४८, स्वतःहून असेल तर एक्स ६८, ठरवताच येत नसेल तर वाय १८. इथे अंदाज नको. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंश बसतो, कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा बसते, आत्महत्या बसत नाही. मृत्यू झाला तर २ लाखांचा प्रश्न असतो. कोड तिथे कोणी विचारत नाही, पण तुम्ही रात्री दोन वाजता घाईत लिहिलेली ओळ त्या घराला आडवी येऊ शकते.

रुग्ण गेलाच, तर नमुना ४. त्यात मृत्यू कसा आला हे नाही, कशामुळे आला हे विचारलंय. पहिल्या ओळीत श्वसन निकामी लिहिलंत तर खालची ओळ रिकामी सोडू नका. मोजणीत मृत्यू धरला जातो तो साखळी जिथून सुरू झाली त्या कारणाचा.

आता एक खड्डा, ज्यात मी स्वतः पडलोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत जे ९६.०० म्हणजे ऑक्सिजन कमी, जे ९६.०१ म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढलेला. अमेरिकेच्या यादीत जे ९६.०१ म्हणजे ऑक्सिजन कमी, आणि कार्बन डायऑक्साइडला जे ९६.०२! मोबाइलवर शोधलं की आधी अमेरिकेचीच यादी उघडते. मी बरेच दिवस तीच वापरत होतो, कोणी टोकलंही नाही. म्हणून आधी बघा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये यादी कुठली आहे.

आणि प्रकार ठरवायचा तर पुरावा पाहिजे. एबीजीमध्ये ऑक्सिजनचा दाब ६० च्या खाली की कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच घसरलेला? मण्यारीत स्नायूच लुळे पडतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजन लावलेला असला की बोटावरचं मशीन ९७ दाखवतं आणि आपण निर्धास्त होतो. एबीजीची सोय नसेल तर प्रकार सांगू नका, नुसतं जे ९६.०९ टाका, मात्र ऑक्सिजन लावण्याआधीचा आकडा, श्वासाची गती आणि वेळ केसपेपरवर लिहून ठेवा. पुढे रुग्ण अकोल्याला पाठवला तर तिथल्या डॉक्टरलाही हेच तीन आकडे आधी लागतात.

चला, भेटू पुढच्या भागात.