वाळवंटातील ताडबनाची वाट
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आपल्यापैकी कित्येकींची मुले कॅलिफोर्नियात आहेत. तिकडे गेले की एखादा दिवस भटकंतीचा ठरतोच. म्हणून तेथील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातल्या ‘फॉर्टीनाइन पाम्स’ या ताडबनाविषयी चार शब्द सांगते.

वाळवंटात पाणी कोठले, असे वाटेल. तेथे खडकांतल्या भेगांतून भूगर्भातील पाणी वर झिरपते आणि त्या ओलीवर पंख्यासारख्या पानांचे उंच ताड वाढतात. वाळलेली पाने गळून न पडता घागऱ्यासारखी बुंध्याभोवती लोंबतात. त्या प्रदेशातले मूळचे काहुइला लोक या ताडांची फळे खात आणि पानांनी घरे शाकारीत.

जाऊन-येऊन वाट जेमतेम ५ किलोमीटरची. पण ती फसवी आहे. आधी सुमारे ३०० फूट चढ, मग तितकाच उतार. म्हणजे परतताना, ऊन तापलेले आणि पाय थकलेले असता, तोच चढ पुन्हा पुढे उभा! वाटेत सावली नाही, पिण्याचे पाणी नाही. ताडांखालचे पाणी रानमेंढ्यांसाठी राहू द्यावे. उन्हाळ्यात जाऊच नये. थंडीतही सकाळी लवकर निघावे.

माणशी दिवसाला निदान ४ लिटर पाणी घ्यावे. त्यातले निम्मे परतीसाठी राखावे. सोबत खारे दाणे किंवा भडंग असावे, कारण घामावाटे मीठही जाते. उपासाच्या दिवशी हा बेत नको. पायांत चपला नकोत, बूट हवेत. मोबाइलवर विसंबू नये; परतण्याची वेळ घरी सांगून निघावे.

आता खास आपल्याविषयी. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून आपण बायका पाणीच कमी पितो, आणि मुलांचा खोळंबा नको म्हणून थकवा लपवतो. भगिनींनो, वाळवंटात हा संकोच जिवावर बेततो! डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, तर तत्काळ सांगावे, सावलीला बसावे, अंग ओले करावे. कोणी असंबद्ध बोलू लागले तर वेळ न दवडता अंग गार करीत राहावे व ९११ वर मदत मागवावी.

मुले म्हणतील, “आई, आता थोडेच राहिले.” तेव्हा “मला परतायचे आहे” असे म्हणायला कचरू नका. ताडबन पुढच्या वर्षीही तेथेच असेल.