पूजेतील कृतज्ञता



देवाच्या पूजेत आदर आणि कृतज्ञता कशी प्रकट व्हावी, हा आजचा विषय. कोणी म्हणेल, यात सांगण्यासारखे काय आहे? आपण स्नान करून देवापुढे बसतो, फूल वाहतो, नैवेद्य दाखवतो, हात जोडतो. त्यात दोन्ही आले. आम्हांला मात्र या दोहोंत थोडा भेद करावासा वाटतो. आदर मोठेपणापुढे वाकतो. कृतज्ञता मिळालेल्याची आठवण ठेवते. पूजेत पहिला पुष्कळ दिसतो, दुसरी क्वचित.

नवसाचेच घ्या. आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई नवस बोलली, तर तिला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण कोर्टातला दावा आणि जागेचा सौदा यांसाठी आपण देवाशी जे बोलणे करतो, त्याची भाषा बाजारातली असते. काम झाले तर नारळ, मोठे झाले तर चांदीचा मुकुट! कृतज्ञतेचा हिशेब याच्या उलट आहे. तिथे मागण्यापूर्वीच पुष्कळ मिळून चुकलेले असते. नैवेद्याचा अर्थ तोच. ज्याने दिले त्याच्यापुढे ताट आधी ठेवायचे आणि मग त्याचा प्रसाद म्हणून आपण जेवायचे. ताटातले काही कमी होत नाही. 'हे माझे' हा ताठा तेवढा कमी व्हावा.

ही भावना स्वच्छ पाहायची असेल तर पोळ्याला खेड्यात जावे. श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाचे खांदे कोमट पाण्याने शेकतो, त्यांना हळद आणि तूप चोळतो. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगतात, झूल चढते, पुरणपोळीचा घास मिळतो. पण पूजेचा आरंभ होतो तो जू टेकून घट्टा पडला त्या जागेपासून. ज्याच्याकडून घेतले, त्याला कुठे दुखले हे ठाऊक असणे, ही खरी कृतज्ञता. आता ट्रॅक्टर आले, आणि पुष्कळ घरी मातीच्या बैलांचीच पूजा होते. तीही व्हावी. मात्र मातीच्या बैलाला खांदा असला तरी घट्टा नसतो, एवढे ध्यानात असावे.

हीच कसोटी देवळाला लावून पाहू. पंढरपुरास महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते अंगावर कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, अशी परंपरा आहे. त्यांचे अभंग वारकऱ्यांनी शतकानुशतके गाइले. आणि त्याच शतकांत त्यांच्या जातीच्या माणसाला त्या दारातून आत जाता येत नव्हते! मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार सर्वांना उघडण्याचे ठरले. आत जाणाऱ्यांच्या ठायी विठ्ठलाविषयी आदर नव्हता असे कोण म्हणेल? विठोबाच्या पायांवर डोके ठेवताना त्यांचे डोळे भरून येत असत. पण ज्याचे शब्द ओठांवर घेऊन ते आत शिरत, त्याचे आपण काही लागतो, हे त्यांना उमगले नव्हते. देवाविषयीचा आदर पुरेपूर असूनही पूजा अपुरी राहू शकते, याहून मोठा पुरावा तो कोणता?

दार उघडले म्हणून प्रश्न मिटला असे आम्हांला वाटत नाही. पहाटे आपण वाहिलेले फूल रात्री कोणी खुडले, निर्माल्य कोण उचलते, यात्रा पांगल्यावर मागे उरलेली घाण कोणाच्या हातांनी निघते? आपली पूजा या हातांवर उभी आहे. त्यांना योग्य मोल, स्वच्छ साधने आणि देवळात बरोबरीची जागा देणे, हे पूजेच्या बाहेरचे समाजकार्य नव्हे. पूजेचेच ते राहून गेलेले अंग आहे. आपण देवाला देऊन देऊन काय देणार? जे आहे ते त्याचेच. मात्र त्याच्या वतीने ज्यांनी आपल्याला दिले, त्यांचे देणे आपल्याला फेडता येते. तेवढे फेडून मग हात जोडावे, इतकीच आमची विनंती आहे.