चाकांवरचें घर आणि वाळवंटाचें ऊन

‘घर पाहावें बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधणाराच्या डोळ्यांदेखत पाया खणला जातो, भिंती उठतात, छप्पर चढतें. कोठें काय घातलें आहे हें त्याला ठाऊक असतें. परंतु जें घर कारखान्यांतूनच तयार होऊन बाहेर पडतें, ज्याला पाया नसून चाकें असतात आणि जें मोटारीमागें जोडून वाटेल तेथें नेतां येतें, तें बांधून पाहाण्याची सोय नसते. तें पारखूनच घ्यावें लागतें. अमेरिकेंत अशा घराला ट्रेलर म्हणतात. मुळांत हें वाहन सुटीच्या चार दिवसांकरितां निघालें. पण आज त्या देशांत निवृत्तिवेतनावर राहणारीं जोडपीं, हिंडतीफिरती नोकरी करणारे कारागीर आणि वाढलेलें घरभाडें न परवडणारीं कुटुंबें बारा महिने ट्रेलरमध्यें संसार करतात. त्यांतील पुष्कळजण अरिझोना, नेवाडा, दक्षिण कॅलिफोर्निया अशा कोरड्या व तापट मुलखांत राहतात. तेथें ट्रेलरची निवड हा हौसेचा प्रश्न राहात नाहीं. तो प्रकृतीचा आणि प्रसंगीं प्राणाचा प्रश्न होतो.

हें बोलणें अतिशयोक्तीचें वाटूं नये. अरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहरांत १९२३ सालीं नव्हे, अगदीं अलीकडे २०२३ सालीं, जूनअखेरपासून सतत ३१ दिवस दुपारचा पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ४३ अंश सेल्सियस, किंवा त्याच्याहि वर गेला. त्या वर्षीं ज्या मॅरिकोपा जिल्ह्यांत हें शहर आहे, तेथें उष्णतेशीं संबंध असलेले ६४५ मृत्यू सरकारदप्तरीं नोंदले गेले. त्यांतील पुष्कळसे उघड्यावर झाले. पण कांहीं घराच्या चार भिंतींआडहि झाले. अशा घरांपैकीं बहुतेकांत थंड हवेचें यंत्र बंद पडलेलें होतें किंवा मुळांतच नव्हतें. ट्रेलर व तत्सम हलक्या घरांत राहणारांचें प्रमाण अशा मृत्यूंत लोकसंख्येच्या मानानें अधिक आढळतें. याचें कारण त्या घरांच्या बांधणींतच आहे, आणि तें समजून घेणें कठीण नाहीं.

प्रथम थोडा इतिहास. १९३४ सालीं हॉली बोलस या विमानविद्येंत मुरलेल्या कारागिरानें विमानाप्रमाणें ॲल्युमिनियमचे पत्रे रिबिटांनीं जोडून एक ट्रेलर बनविला. लिंडबर्गनें १९२७ सालीं ज्या विमानांतून अटलांटिक महासागर एकट्यानें ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा तो हाच बोलस. पुढें वॉली बायम यानें तीच कल्पना उचलून १९३६ सालीं ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ नांवाचा ट्रेलर बाजारांत आणला. आज रस्त्यावर जे रुपेरी, वाटोळ्या पाठीचे ट्रेलर दिसतात, ते त्याच घराण्यांतले. दुसरा प्रकार लांकडी चौकटीवर बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठोकलेला. तिसऱ्यांत फोमची फळी, पातळ प्लायवुड आणि फायबरग्लासचें कवच एकमेकांस चिकटवून सबंध भिंत बनविलेली असते. चौथा प्रकार अंड्याच्या दोन अर्धकवचांसारखे फायबरग्लासचे दोन साचे जोडून केलेल्या लहान ट्रेलरचा. कॅनडांतील ‘बोलर’ हा १९६८ सालचा ट्रेलर त्याचा प्रसिद्ध नमुना होय.

आतां हिशेब पाहूं. समजा, ट्रेलर २४ फूट लांब व ८ फूट रुंद आहे. त्याचें छप्पर १९२ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ १८ चौरस मीटर झालें. स्वच्छ उन्हाळी माध्यान्हीं दर चौरस मीटरवर सूर्याची सुमारें एक किलोवॉट उष्णता पडते. म्हणजे या एवढ्याशा छपरावर १८ किलोवॉटचा मारा होतो. ट्रेलरच्या छपरावर बसविलेलें थंड हवेचें यंत्र बहुधा १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचें असतें. त्यांतील लहान यंत्र आंतून जेमतेम ४ किलोवॉट उष्णता बाहेर काढूं शकतें. एका बाजूस अठरा आणि दुसऱ्या बाजूस चार! तेव्हां लढाईचा निकाल यंत्र लावीत नाहीं; तो छप्पर, भिंती आणि सावली लावतात. यंत्रानें शेवटचा उरलासुरला भाग उचलावयाचा असतो. ज्यानें हें गणित ध्यानांत घेतलें, त्याला ट्रेलर निवडण्याची निम्मी विद्या आली.

म्हणून पहिली नजर छपरावर जावी. तें पांढरें असावें, कारण पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. छप्पर आणि आंतील तक्तपोशी यांच्यामध्यें किती जागा आहे व ती कशानें भरली आहे, हें विचारून घ्यावें. काचतंतूचा कापूस भरला असेल तर उष्णतारोधाचें अमेरिकन माप, ज्याला तेथें ‘आर’ म्हणतात, इंचामागें सुमारें तीन भरतें. साध्या पॉलिस्टायरीन फोमचें चार, दाबून केलेल्याचें पांच. ट्रेलरची भिंत बहुधा दीड ते दोन इंच जाडीची. यावरून भिंतीचा रोध किती अल्प असणार हें कोणासहि काढतां येईल. विक्रेता मोठा आंकडा सांगूं लागला, तर तो आंकडा जाडीशीं ताडून पाहावा.

शिवाय भिंतीचा सांगाडा कशाचा आहे हेंहि महत्त्वाचें. ॲल्युमिनियम लांकडाच्या हजारपटींहून अधिक उष्णतावाहक आहे. बाहेरच्या पत्र्यापासून आंतील भिंतीपर्यंत धातूचा खांब सलग गेला असेल, तर तो उष्णतेला बांधून दिलेला पूलच होय. भर दुपारीं आंतल्या भिंतीवर तळहात फिरवावा. जेथें खांब असेल तेथें ऊन पट्टा हातास लागतो. म्हणून धातूचा सांगाडा टाकाऊ ठरत नाहीं, कारण तो कुजत नाहीं. मात्र खांब व भिंत यांच्यामध्यें उष्णता अडविणारा थर आहे काय, याची चौकशी करावी. बटण दाबतांच बाजूस सरकून बाहेर येणाऱ्या खोल्या पाहावयास मोठ्या मोहक. पण त्यांच्या चारहि कडा म्हणजे रबरी पट्ट्यांवर अवलंबून असलेल्या फटी. कायम उष्ण मुलखांत राहावयाचें असेल तर अशा खोल्या जितक्या कमी तितक्या बऱ्या. छपरांतील झरोके आणि एकपदरी कांचेच्या मोठ्या खिडक्या यांनाहि तोच न्याय लागू.

वाळवंटांत पावसाची भीति कसली, असें कोणी म्हणेल. परंतु ट्रेलरचा खरा वैरी पाणीच आहे, आणि त्याला वाट करून देणारें ऊनच आहे. छपरावरील झडपा, नळ्या व सांधे यांभोंवतीं जो मऊ लेप दिलेला असतो, तो प्रखर उन्हानें सुकून तडकतो. रबरी छपराचाहि वरचा थर उन्हानें झिजतो. मग अरिझोनांतहि उन्हाळ्यांत जो मान्सून येतो, त्याच्या एका वादळी सरीनें पाणी भिंतींत शिरतें. लांकडी चौकट कुजते. चिकटविलेली भिंत पदर सुटून फुगते. म्हणून विकत घेतांना शिडी लावून छप्पर स्वतः पाहावें. भिंतीकडे तिरप्या उजेडांत पाहिलें असतां फुगवटा दिसतो. कोपऱ्यांत, खिडक्यांखालीं व पलंगाच्या पोटांत बोटानें दाबून पाहावें. मऊ लागलें, डाग दिसला किंवा कुबट वास आला, तर किंमत कितीहि उतरली तरी तो ट्रेलर महागच. जितके सांधे कमी तितकी गळती कमी. फायबरग्लासच्या दोन साच्यांचे ट्रेलर लहान असूनहि दीर्घायुषी ठरतात, त्याचें हेंच कारण.

आतां यंत्रांकडे वळूं. तेथील लहान ट्रेलरला ३० अँपिअरची विजेची जोडणी असते. १२० व्होल्टनें तिचे ३,६०० वॉट होतात. त्यांत एकच थंड हवेचें यंत्र सुखानें चालतें. ५० अँपिअरच्या जोडणींत दोन तारांमिळून १२,००० वॉट मिळतात व दोन यंत्रें चालूं शकतात. उष्ण मुलखांत मोठा ट्रेलर घेणारानें दुसऱ्या प्रकारचीच जोडणी मागावी. त्याचा खरा लाभ असा कीं एक यंत्र बिघडलें तर दुसरें उरतें. यंत्राची परीक्षा सकाळच्या गारव्यांत करूं नये. दुपारीं तीन वाजतां करावी. आंत ओढली जाणारी हवा व बाहेर सोडली जाणारी हवा यांत सामान्यतः १५ ते २० अंश फॅरनहाइटचें अंतर पडावयास हवें.

नागपूर-अकोल्याकडील मंडळींस वाळ्याच्या ताट्या व पाणी ठिबकणारे कूलर परिचित आहेत. अरिझोनांतहि तोच उपाय लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. कोरड्या हवेंत पाणी उडून जातांना हवा थंड करतें, आणि यासाठीं वीज अगदीं थोडी लागते. परंतु मान्सूनची दमट हवा सुरू झाली कीं हा उपाय लंगडा पडतो. आखाताच्या किनाऱ्यावरील टेक्सास किंवा फ्लोरिडांत तर तो आपल्या कोंकणाइतकाच निरुपयोगी. एकाच उष्णतेच्या दोन जाती आहेत, हें विसरूं नये.

रेफ्रिजरेटरचेंहि असेंच. गॅसवर चालणारा, फिरतें यंत्र नसलेला रेफ्रिजरेटर १९२२ सालीं स्वीडनमध्यें फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनीं शोधून काढला. ती रचना मोठी बुद्धिमान. पण पाठीमागची उष्णता आपोआप वर निघून जावी लागते, आणि बाहेरची हवाच तापली म्हणजे तिचें काम मंदावतें. औषधें किंवा लहान मुलांचें दूध ठेवावयाचें असेल, तर काँप्रेसरचा रेफ्रिजरेटर अधिक भरंवशाचा.

घराच्या आंतील हवेविषयींहि एक कडू धडा इतिहासानें दिला आहे. २००५ सालच्या कत्रिना वादळानंतर अमेरिकन सरकारनें बेघरांना लाखाहून अधिक ट्रेलर दिले. त्यांत राहणारांचे डोळे चुरचुरूं लागले, श्वास कोंडूं लागला. सरकारी आरोग्यखात्यानें २००७-०८ च्या हिंवाळ्यांत अशा ५१९ घरांची हवा तपासली, तेव्हां तींत फॉर्माल्डिहाइड नांवाच्या विषारी वायूचें प्रमाण सरासरीनें अब्जांत ७७ भाग निघालें; सामान्य घरांतील प्रमाणाच्या तें बरेंच वर होतें. हा वायु दाबून केलेल्या लांकडी फळ्यांच्या गोंदांतून येतो, आणि उष्णता वाढली कीं तो अधिक सुटतो. म्हणूनच उन्हाळ्यापूर्वीं कुटुंबें तेथून हलवावीं, असा सल्ला त्या खात्यानें दिला. २०१० सालीं अशा फळ्यांबद्दल कायदा झाला. तरीहि नव्या ट्रेलरमध्यें डोळ्यांस पाणी आणणारा वास ‘नवेपणाचा’ म्हणून गोड मानून घेऊं नये; जुना ट्रेलर घेतांना तर तो कोणत्या सालचा आहे, हें आधीं पाहावें.

चाकांवरच्या घराला वजनाचीहि मर्यादा असते. दारावरील पिवळ्या चिठ्ठींत किती पौंड सामान घालतां येईल तें लिहिलेलें असतें. ४० गॅलन पाणी भरलें कीं तेवढ्यानेंच ३३० पौंड संपतात. बारमाही संसार मांडणारानें हा आंकडा आधीं पाहावा व मग रंगसंगति. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन साल दाखवितात. उन्हांत वर्षानुवर्षें उभे राहिलेले टायर नक्षी शाबूत असूनहि आंतून जीर्ण झालेले असतात.

विक्रेते ‘चारहि ऋतूंचा ट्रेलर’ असें म्हणतात. त्या शब्दांमागें सर्वांना बंधनकारक असें एकच प्रमाण नाहीं. शिवाय तेथील कायदा ट्रेलरला तात्पुरत्या मुक्कामाचें वाहन मानतो. कायम राहावयाच्या कारखानी घरांकरितां १९७६ पासून लागू असलेले नियम त्याला लागत नाहींत. तेव्हां सरकारनें पाहिलें असेल, या भरंवशावर घेणारानें राहूं नये.

ट्रेलर घेतल्यावर तो उभा कसा करावा, यांतहि विद्या आहे. त्याचें तोंड पूर्वेकडे केलें, तर दाराची बाजू व तिची कनात दक्षिणेस येते. रेफ्रिजरेटरची जाळी बहुधा असते ती डावी बाजू उत्तरेच्या सावलींत राहते, आणि दुपारच्या तिरप्या उन्हापुढें केवळ मागची अरुंद भिंत येते. झाडाची सावली मिळाली तर सोन्याहून पिवळें.

आणि इतकें सर्व करूनहि एक गोष्ट उरते. ट्रेलरच्या भिंती पातळ; त्यांत आपल्याकडील जाड मातीच्या भिंतींप्रमाणें रात्रीचा गारवा सांठत नाहीं. वीज गेली कीं थोड्याच वेळांत आंतबाहेर सारखेंच तापतें. वृद्ध, आजारी आणि तान्हीं मुलें असलेल्या घरांत या प्रसंगाचा विचार आधींच झालेला असावा: कोणाकडे जावयाचें, कसें जावयाचें, हें मे महिन्यांतच ठरावें. अरिझोनांतील क्वार्टझसाइट गांवाजवळच्या सरकारी जमिनीवर दर हिंवाळ्यांत ट्रेलरांची मोठी वसाहत उभी राहते. तेथील दीर्घ मुक्कामाचा हंगाम १५ सप्टेंबरला सुरू होऊन १५ एप्रिलला संपतो. आणि मग बहुतेक मंडळी घरासह उत्तरेकडे किंवा डोंगरांत निघून जातात. त्यांचें शहाणपण घेण्यासारखें आहे. उत्तम छप्पर, जाड भिंत, दोन यंत्रें हें सर्व पाहावें; पण आंस, टायर व ब्रेक त्याहूनहि काळजीनें पाहावे. कारण ज्या दिवशीं दुसरा कोणताहि उपाय चालत नाहीं, त्या दिवशीं हें घर उचलून थंड प्रदेशांत नेतां येतें. आणि हा लाभ विटांच्या घराला नाहीं.