रोगजंतूंच्या वाटा आणि भंडारा जिल्हा



विषाणू, जिवाणू आणि परजीवी हे रोगजंतूंचे वर्गीकरण आवश्यकच आहे, कारण औषध त्यावरून ठरते. परंतु भंडाऱ्यासारख्या तलावांच्या आणि धानाच्या जिल्ह्यात रोगाला अटकाव करायचा, तर जंतू माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो हे आधी ओळखावे लागते. पावसाळ्यातला ताप वरकरणी सारखाच दिसतो, पण तो कधी बांधावरच्या गवतातून, कधी भिंतीच्या भेगेतून, तर कधी तुंबलेल्या नालीतून आलेला असतो.

2018 च्या पावसाळ्यात विदर्भाला हादरवणारा स्क्रब टायफस हा गवतातून येणारा. एका कीटकसदृश जीवाची चिगर नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी चावते, तेव्हा ओरिएन्शिया हा जिवाणू शरीरात शिरतो आणि पेशींच्या आत वाढतो. त्यामुळे पेनिसिलीन गटाची औषधे येथे निरुपयोगी ठरतात आणि डॉक्सिसायक्लिन गुणकारी ठरते. काखेत किंवा जांघेत लपलेला, विडीचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग पाहण्यासाठी रुग्णाला नीट तपासण्याची तसदी घेतली, तर जीव वाचतो. नागपूर परिसरातील गावाचे नाव धारण करणारा, 1965 मध्ये सापडलेला चांदीपुरा विषाणू मात्र वाळूमाशीमार्फत मुलांना गाठतो, मेंदूवर आघात करतो आणि एक-दोन दिवसांत प्राण घेऊ शकतो. त्यावर नेमके औषध नाही, म्हणून भेगा लिंपणे, शेण-कचरा घरापासून दूर ठेवणे आणि घरात फवारणी करणे हाच तेथे मुख्य उपाय.

याउलट हत्तीपायाची चाल अत्यंत संथ आहे आणि पूर्व विदर्भाने तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. वुचेरेरिया हा धाग्यासारखा कृमी लसिकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींमधील द्रव रक्तात परत नेणाऱ्या बारीक नलिकांत, वर्षानुवर्षे राहतो. त्याची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास त्वचेलगतच्या रक्तात येतात, कारण घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार फिरतो, झोपेतून उठलेल्या माणसाचे बोट टोचतो आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो. तोच थेंब दुपारी घेतला असता, तर बहुधा निर्दोष दिसला असता. डास हा या रोगाचा वाहक असल्याचे पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 मध्ये दाखवले.

डासाच्या शरीरात हे पिल्लू वाढते, पण एकाची दोन होत नाहीत. त्यामुळे रोग जडण्यास दीर्घकाळ असंख्य दंश लागतात, आणि हेच त्याचे मर्मस्थान आहे. गावातील सर्वांच्या रक्तातील पिल्ले काही वर्षे सतत कमी केली, की साखळी तुटते. डीईसी आणि अल्बेंडाझोल, तसेच काही ठिकाणी त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन, या गोळ्या वर्षातून एकदा सामुदायिकरीत्या देण्यामागे हाच विचार आहे. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्ती त्यातून वगळल्या जातात. ‘काहीच झालेले नाही, तर गोळी कशाला?’ हा गावकऱ्याचा प्रश्न गैर नाही. पाय न सुजलेल्या माणसाच्या रक्तातही पिल्ले असू शकतात आणि त्याच्यापासूनच शेजाऱ्याच्या मुलाला धोका असतो, हे त्याला आदराने समजावून सांगितले पाहिजे. गोळीनंतर येणारा थोडा ताप किंवा मळमळ ही बहुधा पिल्ले मरत असल्याची खूण असते, हेही आधीच सांगितले, तर गोळी कोनाड्यात पडून राहत नाही.

सुजून जाड झालेला पाय मात्र या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. रोवणीच्या चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायाच्या बेचक्यांत चिरा पडतात, त्यांतून दुसरे जिवाणू शिरतात आणि प्रत्येक तापागणिक सूज वाढत जाते. रोज साबणाने पाय धुणे, बेचक्या कोरड्या करणे आणि बसताना पाय उंचावर ठेवणे यांनी हे तापाचे झटके कमी होतात. याच रोगात पुरुषांना होणारी आणि लाजेपोटी लपवली जाणारी अंडवृद्धी मात्र शस्त्रक्रियेने बरी होऊ शकते.